बिऱ्हाड कोठे करावे?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पण ज्याला घर बांधायचे नाही, नुसते भाड्याने घ्यायचे आहे, आणि तेही परक्या शहरात, त्याने काय पाहावे? त्याच्यासाठी वाडवडिलांनी सल्ला असा काही ठेवलेला नाही. आहे ती विंचवाची म्हण. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावे, एवढेच ती सांगते. ते उतरवावे कोठे, याविषयी ती गप्प आहे.

हे सारे मनात यायला एक निमित्त घडले. आमच्या महाविद्यालयातून बी. कॉम. झालेला एक विद्यार्थी गेल्या वर्षी मे महिन्यात पेढे घेऊन घरी आला. मुंबईस अंधेरीला हिशेबतपासनिसांच्या एका कचेरीत त्याला नोकरी लागली होती. त्याचा वर्गमित्रही त्याच कचेरीत लागला होता, आणि दोघांनी मिळून जागा घ्यायची असा बेत होता. पेढा हातावर ठेवून झाल्यावर तो म्हणाला, “सर, नोकरी मिळाली, पण राहायचं कुठं तेच ठरत नाही. ऑफिसजवळ राहावं तर निम्मा पगार भाड्यातच जातो. डोंबिवलीला मामा आहेत, तिथं परवडतं, पण रोजचे तीन तास गाडीत जातात. पार्ल्याला एक जागा बघितली आहे. आवडली आहे, जरा महाग आहे, पण दोघांत जमेल.” एवढे बोलून त्याने खिशातून मोबाइल काढला. त्यावर मुंबईचा नकाशा होता. प्रत्येक ठिकाणाहून कचेरी किती मिनिटांवर आणि भाडे किती रुपये, हे सारे त्याने टिपून ठेवले होते.

मी म्हटले, “बाबा रे, हा प्रश्न विचारणारा तू पहिला नाहीस. दीडशे वर्षे तुझ्यासारखी मुले हाच प्रश्न घेऊन मुंबईस उतरत आली आहेत. त्यांनी काय काय उत्तरे काढली ते ऐकून तर घे. मग तुझा नकाशा पुन्हा बघ.” त्या दुपारी त्याला जे सांगितले तेच येथे थोडे नीट लावून सांगतो आहे.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीतले. ही चार सालेच ध्यानात ठेवली तरी पुरे. पोटासाठी मुंबईस येणारा माणूस पूर्वीही होताच. पण इंग्रजी शिकून, हाती कागद-लेखणी घेऊन पगारावर राहणारा तरुण, हा नवा माणूस या काळात जन्माला आला. सरकारी कचेऱ्या, हायकोर्ट, गोदी, रेल्वेची ऑफिसे, व्यापारी पेढ्या, सगळीकडे त्याची गरज होती. आणि ही सारी ठिकाणे कोटात, म्हणजे आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्या भागात, एकवटलेली होती.

आता हा तरुण राहणार कोठे? कोटात राहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. परळ-लालबागकडे गिरण्यांचे राज्य होऊ लागलेले. मग त्याने मधली जागा धरली. ती जागा म्हणजे गिरगाव. एके काळी येथे नारळी-पोफळीच्या बागा होत्या. म्हणून आजही गल्ल्यांची नावे वाड्यांचीच आहेत. फणसवाडी, कांदेवाडी, आंग्रेवाडी, खोताची वाडी अशी ती नावे. झाडे गेली, चाळी उठल्या, नावे तेवढी राहिली. गिरगाव निवडण्याचे कारण अगदी साधे होते. तेथून कोटात पायी जाता येत असे. घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली. पण महिनाअखेरीस ट्रामचे पैसे वाचवायचे म्हटले तरी अर्ध्यापाऊण तासात चालत कचेरी गाठता येई. तेव्हा पहिल्या पिढीचे उत्तर असे की, जेथून पायी कामावर जाता येते तेथे राहावे.

पण अंतर हे निवडीचे निम्मेच कारण झाले. उरलेले निम्मे होते माणसे. कोकणातून बोटीने आलेला किंवा घाट उतरून आलेला मुलगा वळकटी आणि ट्रंक घेऊन प्रथम जात असे तो गावच्या कुणाकडे तरी. एका खोलीत चौघे-पाचजण, जेवण खानावळीत, निजणे गॅलरीत. पुढे लग्न झाले, बायको आली, स्टोव्ह आला, की त्या खोलीला ‘बिऱ्हाड’ म्हणायचे. नळ सामाईक, शौचकूप सामाईक, आणि सुखदुःखही बहुतेक सामाईकच. या सामाईकपणाचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायले गेले आहेत, आणि त्याची यथास्थित थट्टाही झाली आहे. पण एक गोष्ट खरी की, एकट्याला जे सुचले नसते ते या गर्दीला सुचले. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो याच कारकून-मास्तरांच्या गिरगावात. १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ निघाला. त्याचे नाट्यगृह आजही गिरगावातच आहे. भाडे भरून राहणाऱ्या माणसांनी ही दौलत उभी केली. जागेची मालकी त्यांच्याकडे नव्हती, पण वस्ती त्यांची होती.

आता दुसरी पिढी. ती सुखासुखी घराबाहेर पडली नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिसन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. त्यानंतर या शहरावर जे गुदरले ते खानेसुमारीच्या आकड्यांतच पाहा. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. दहा वर्षांत ती वाढायची, ती १९०१ साली ७ लाख ७६ हजारांवर उतरली. मृत्यूने नेली ती नेली. कितीएक माणसे गावाकडे पळाली. ज्या खोल्यांत ऊन शिरत नव्हते, वारा फिरत नव्हता, त्या खोल्यांकडे आता माणसे निराळ्या नजरेने पाहू लागली. कचेरी किती जवळ, एवढाच हिशेब करणाऱ्याला आता हवा आणि उजेड यांचाही हिशेब करावा लागला.

१८९८ साली सरकारने मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापिले. लोक त्याला ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ किंवा नुसते ‘ट्रस्ट’ म्हणत. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, रोगट म्हणून ठरविलेली घरे पाडली, आणि ठिकठिकाणी चाळी बांधल्या. या पाडापाडीत ज्यांची घरे गेली त्यांना नवी घरे मिळालीच असे नाही. सुधारणेच्या इतिहासातले हे पान आपण सहसा वाचत नाही. तथापि आपल्या विषयाला जवळची गोष्ट आहे ती ट्रस्टने शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखलेल्या वस्तीची. आधी रस्ते, आधी गटारे, आधी बागा, आणि मग घरे, असा उलटा क्रम मुंबईने येथे पाहिला. प्रत्येक भूखंडावर किती जागा मोकळी सोडायची याचे नियम ठरले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, किंग्ज सर्कल, हा सारा त्या आखणीचा विस्तार.

आता गंमत पाहा. योजना आखली गेली विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, पण वस्ती खरी भरू लागली पहिल्या महायुद्धानंतर. का बरे? नकाशा चांगला होता, हवा चांगली होती. पण कचेरी दूर होती, आणि मुख्य म्हणजे तेथे आपले असे कोणी नव्हते. पहिल्याने जायचे कुणी, हा प्रश्न होता. तो सोडविला दोन गोष्टींनी. एक विजेने आणि दुसरी शेजाराने.

विजेची गोष्ट प्रथम सांगतो. विजेची ट्राम १९०७ साली आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची पहिली आगगाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेच्या मार्गावर कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. दोन्ही रेल्वे जेथे हाताला हात लावून उभ्या आहेत ते ठिकाण म्हणजे दादर. ट्रामही तेथपर्यंत येई. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतून कायमची गेली, पण ती जेथे संपत होती त्या चौकाला लोक अजून ‘दादर टी. टी.’ म्हणतात. त्यातला दुसरा ‘टी’ म्हणजे ट्रामचा शेवटचा थांबा, हे कितीजणांना ठाऊक असेल! पायी चालण्याचे अंतर आता गाडीच्या वेळापत्रकात मोजले जाऊ लागले. ‘कचेरी किती लांब?’ याचे उत्तर मैलांत न देता मिनिटांत द्यायची सवय मुंबईकराला लागली ती याच काळात. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरचा नकाशा त्याच सवयीचा नातू आहे.

दुसरी गोष्ट शेजाराची. ‘गाव करी ते राव न करी’ म्हणतात ते येथे पटते. ट्रस्टच्या रावाने रस्ते दिले. गाव वसविले ते माणसांनी. दादरला मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने पारशी मध्यमवर्गासाठी १०३ भूखंड राखून मिळाले, आणि पारशी कॉलनी उभी राहिली. माटुंग्याला मद्रास इलाख्यातून आलेल्या कारकून-टंकलेखकांची वस्ती झाली. त्यांनी १९३२ साली साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापिली, मुलांसाठी शाळा काढली. घराची तऱ्हाही बदलली. चाळीतली गॅलरी आणि सामाईक नळ गेला, आणि मोरी-संडास आतल्या आत असलेला ‘ब्लॉक’ आला. घरातच संडास, ही कल्पना जुन्या माणसांना प्रथम सोवळ्याओवळ्याच्या दृष्टीने मानवेना. पुढे त्याचीच प्रतिष्ठा झाली.

त्याच वेळी आणखी एक नवी वाट निघाली, ती सहकाराची. १९१२ साली सहकारी संस्थांचा नवा कायदा झाला, आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. राव बहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. आपल्या देशातील सहकारी गृहरचनेचा आरंभ येथून मानतात. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. कल्पना किती समंजस होती पाहा! एकेकट्या कारकुनाला घर बांधणे अशक्य. पण दहाजणांनी वर्गणी जमवली, जमीन घेतली, तर मालकाच्या मर्जीवर राहण्याचे कारण नाही. भाडेकरूला प्रथमच वाटले की, आपणही आपल्या छपराचे धनी होऊ शकतो. विश्वास हे या संस्थेचे भांडवल होते, आणि एकमेकांवर विश्वास कुणाचा? तर ओळखीच्यांचा, ज्ञातीच्यांचा. म्हणून संस्था ज्ञातीच्या झाल्या. यात आरंभी कुणाला काही वावगे दिसले नाही. पुढे काय झाले ते मी सांगणारच आहे.

पार्ल्याची गोष्ट याहून थोडी निराळी. तेव्हा पार्ले मुंबई शहराच्या हद्दीत नव्हतेच. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले, आणि पुढच्याच वर्षी, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. आता वस्ती निवडणाऱ्या तरुण बापाच्या मनात शिरून पाहा. गाडीने तास गेला तरी हरकत नाही, पण मुलाला मराठी शाळा चांगली मिळेल, शेजारी कुणी मास्तर, कुणी वकील, कुणी गाण्यातला असेल. पु. ल. देशपांडे यांचे बालपण घ्या. जन्म १९१९ साली गावदेवीला, त्यानंतर बिऱ्हाड जोगेश्वरीला, मग पार्ल्याला, आणि शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. एका मराठी कुटुंबाच्या या तीन मुक्कामांत मध्यमवर्गीय मुंबईच्या सरकण्याचा सारा नकाशा आला. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली आले, तोवर चाळीतला मराठी माणूस चाळीकडे थोडा लांबून, थोड्या मायेने पाहू लागला होता.

येथवर ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, कचेरीचं अंतर, हवा-पाणी, आपली माणसं आणि शाळा. चार गोष्टी बघायच्या.” बरोबर आहे. परीक्षेत एवढे लिहिलेस तर पूर्ण गुण देईन. पण इतिहासाचे एक पान अजून उलटायचे राहिले आहे. आतापर्यंत आपण ‘निवडणे’ हा शब्द सहज वापरला. निवडतो कोण? ज्याला निवडू दिले जाते तो.

१९१७ साली एक सव्वीस वर्षांचा तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून तो परतला होता. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकला म्हणून बडोद्याची चाकरी. त्या काळात हिंदुस्थानात इतके शिकलेले तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. परंतु त्या अख्ख्या शहरात त्याला बिऱ्हाडासाठी खोली मिळेना. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. हिंदूंच्या खाणावळी-धर्मशाळांची दारे बंद म्हणून नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद दिली. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही अडचणी सांगून हात वर केले. मग बाबासाहेब कामाठीबागेत जाऊन बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. कचेरीचे अंतर, हवा, उजेड, शाळा, यांतला एकही प्रश्न विचारण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. त्याआधीचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

आणि मुंबईत ते राहिले कोठे? परळला, ट्रस्टने बांधलेल्या एका चाळीत. १९१२ च्या सुमारास तेथे बिऱ्हाड झाले, आणि अस्पृश्यांच्या चळवळीची पहिली कितीतरी वर्षे, महाडच्या सत्याग्रहासकट, त्या चाळीतल्या दोन खोल्यांतून त्यांनी काढली. पुढे १९३० नंतरच्या काळात त्यांनी हिंदू कॉलनीत आपले घर बांधले. त्याचे नाव ‘राजगृह’. घर बांधताना त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती पुस्तके. ग्रंथांना जागा हवी म्हणून त्यांनी घर बांधले असे म्हटले तरी चालेल. बडोद्यात ज्याला एक खोली मिळाली नाही त्याने दादरच्या भरवस्तीत ग्रंथांचे घर उभारले. ट्रस्टने आखलेल्या साऱ्या रुंद रस्त्यांवर मला तरी याहून मोठी घटना दिसत नाही.

हा भाग जुना झाला, असे कुणी म्हणेल. तितकासा जुना नाही. ओळखीच्यांच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या गृहसंस्थांची गोष्ट मघाशी अर्धी सोडली होती. गुजरातेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सभासदत्व एका समाजापुरते राखण्याची तरतूद संस्थेच्या उपविधीत असू शकते. कायद्याचा काथ्याकूट मी करीत नाही. तो माझा विषय नव्हे. मी इतकेच पाहतो की, १९१५ साली जी भिंत मालकाच्या जुलमापासून संरक्षण म्हणून उभारली, तीच भिंत पुढे नव्या माणसाला अडवायलाही उपयोगी पडते. भिंतीला दोन बाजू असतात. आतल्याला एकच दिसते.

भिंत आणखी एका कारणाने उंच झाली. दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला. भाडेकरूंच्या रक्षणासाठी १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. हेतू चांगला, आणि पुष्कळ गोरगरिबांना त्याने तारलेही. पण भाडे गोठले तशी घरेही गोठली. मालक दुरुस्ती करीना, नवी चाळ बांधीना. आत असलेला भाडेकरू जागा सोडीना. नवा तरुण आला की त्याच्याकडे पागडी मागायची. भाडे दहा रुपये, आणि आत पाऊल ठेवण्याची किंमत हजारांत, असा हा व्यवहार. गिरगावात आजोबांनी घेतलेल्या खोलीत नातू राहू शकला, पण आजोबांसारखाच रिकाम्या हातांनी गावाहून आलेला दुसरा मुलगा तेथे पाय ठेवू शकला नाही. तो गाडीत बसला आणि पुढे गेला. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांनी मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, ती या माणसांच्या मागोमाग. डोंबिवली तर त्या हद्दीच्याही पलीकडे. तेथे त्यांनी पुन्हा वाचनालये काढली, शाळा काढल्या, गणपती बसविले. म्हणजे गिरगाव पुन्हा एकदा शून्यातून उभारले.

वाचकहो, या सगळ्यातून मला दिसते ते असे. जागा निवडताना आपण समजतो की, आपण तयार वस्ती विकत घेतो आहोत, बाजारातून भाजी घ्यावी तशी. प्रत्यक्षात वस्ती कधीच तयार नसते. आधी आलेल्यांनी ती घडविलेली असते, आणि आपण गेलो की आपणही ती घडवू लागतो, चांगली किंवा वाईट. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात रस्ता तुंबतो का, रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, हे अवश्य विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा, की येथे कुणाला जागा देत नाहीत? हा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. ज्याला जागा मिळणार आहे त्याला तर तो विचारावासाच वाटत नाही. तरीही त्याच्या उत्तरावरून त्या वस्तीचे हवामान जितके कळते तितके खिडकीच्या रुंदीवरून कळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी पार्ल्याची जागा घे असे सांगितले. शाळा, वाचनालय, गाणे-बजावणे, सगळे जवळ. कचेरी एका स्थानकावर. इतिहासाच्या मास्तराला याहून चांगली शिफारस काय सुचणार! तो खूष होऊन गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. घरमालकाने त्याला होकार दिला होता. त्याच्या मित्राचे आडनाव ऐकल्यावर मात्र मालक म्हणाले, “तुम्ही एकटे राहा. सोसायटीत नंतर कटकट नको.” भाडे थोडे कमी करायचीही त्यांनी तयारी दाखविली. मालक बोलायला फार सौम्य होते, असे त्याने मला दोनदा सांगितले.

मी विचारले, “मग तू काय केलंस?”

“सर, एक दिवस विचार केला. जागा फार चांगली होती हो. मग नाही म्हणून सांगितलं. आता डोंबिवलीला दोघं मिळून घेतली आहे, मामांच्या पलीकडच्या गल्लीत. सकाळी घाटकोपरला उतरून मेट्रो धरतो. तीन तास जातात रोजचे.”

मी काही बोललो नाही. पार्ल्याची शिफारस माझीच होती, आणि ती करताना मी चारही गोष्टी मोजल्या होत्या. पाचवी गोष्ट मी त्याला शिकविली खरी, पण मोजायला विसरलो. ती त्याने मोजली.

डोंबिवलीतली ती गल्ली मी पाहिलेली नाही. या दिवाळीत जाईन म्हणतो. दोघांनी मिळून बोलावले आहे.